मॉरिस मायनरचा क्लच : आधी तपासणी, मग पाना

काही महिन्यांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये जुनी मॉरिस मायनर आली. मालकाची तक्रार एकच : चढावर इंजिन ओरडते, गाडी मात्र पुढे सरकत नाही. मिस्त्रींनी लगेच गिअरबॉक्स उतरवला आणि बाजारातून 'मायनरची क्लच प्लेट' मागवली. आली ती लहान निघाली. दुसरी मागवली, बसवली, गाडी दिली. आठ दिवसांत तीच गाडी त्याच तक्रारीसह परत दारात! नव्या प्लेटवर इंजिनचे तेल आले होते. काम दोनदा झाले, मजुरी एकदाच मिळाली, आणि एक चांगले गिऱ्हाईक कायमचे गेले.

मिस्त्री हाताने कच्चे नव्हते. चूक झाली ती दोन ठिकाणी. खोलण्यापूर्वी तपासणी केली नाही, आणि सुटा भाग मापावरून न घेता गाडीच्या नावावरून घेतला. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे. उदाहरण मायनरचे असले तरी पद्धत कोणत्याही जुन्या मोटारीला लागू पडेल.

गाडीची ओळख

मॉरिस मायनर 1948 साली इंग्लंडमध्ये बाजारात आली. तिचा आराखडा अलेक इसिगोनिस यांचा. पुढे 'मिनी' मोटारही त्यांनीच घडवली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मायनरचे उत्पादन थांबले, तोपर्यंत सोळा लाखांच्या आसपास गाड्या तयार झाल्या होत्या. आपल्या देशातही या गाड्या आल्या, आणि हिंदुस्थान मोटर्सची 'बेबी हिंदुस्थान' याच गाडीवरून बनलेली होती.

कारागिराने लक्षात ठेवायची गोष्ट ही की 'मायनर' हे नाव एक असले तरी आतले इंजिन बदलत गेले. आधी 918 सीसीचे साइड व्हॉल्व्ह, मग 803 सीसी, 1956 पासून 948 सीसी आणि 1962 पासून 1098 सीसी. 948 च्या क्लच प्लेटचा व्यास सव्वासहा इंच, म्हणजे सुमारे 159 मिलिमीटर. 1098 ची प्लेट सव्वासात इंची, म्हणजे सुमारे 184 मिलिमीटर. त्यात पन्नास-साठ वर्षांत किती गाड्यांची इंजिने बदलली गेली असतील, याचा भरवसा नाही. म्हणून आरसी बुकातील सालावर न जाता इंजिनवरचा नंबर पाहावा.

न खोलता रोग ओळखा

क्लचची दुखणी मुख्यतः चार.

एक, घसरणे. सपाट जागेवर हँडब्रेक घट्ट ओढा, चाकांना लाकडी ठोकळे लावा, टॉप गिअर टाका आणि थोडा ॲक्सिलरेटर देत क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडले तर क्लच पकडतो आहे. इंजिन चालूच राहिले तर क्लच घसरतो आहे. ही चाचणी एकदाच करावी. वारंवार केल्यास उरलेले लायनिंगही जळते.

दोन, पुरता न सुटणे. पेडल पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. खरखर झाली तर क्लच सुटत नाही. मायनरच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, म्हणून चालत्या गाडीत पहिला टाकताना होणारी खरखर क्लचच्या माथी मारू नये.

तीन, थरथर. गाडी उचलताना झटके बसतात. याला तेलकट लायनिंग कारण असते, तसेच इंजिन व गिअरबॉक्सखालची फाटकी रबरेही असतात. रबरे स्वस्त आहेत, ती आधी पाहावीत.

चार, आवाज. पेडल दाबल्यावर आवाज येतो तर रिलीज बेअरिंगकडे बोट दाखवावे. पेडल सोडल्यावर येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग संशयित समजावे.

गाडीखाली दहा मिनिटे

मायनरचा क्लच लोखंडी दांड्यांनी चालतो, त्यात तेलाचा सिलिंडर नाही. पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत दांडी, मधला आडवा शाफ्ट, पिना आणि बुश अशी साखळी आहे. गाडी घोड्यांवर पक्की उभी करून खाली जा आणि एका माणसाला पेडल दाबायला सांगा. प्रत्येक पिन थोडी थोडी झिजली की सगळ्यांची झीज मिळून पेडलची अर्धी चाल खाऊन टाकते. अशा वेळी गिअरबॉक्स उतरवण्याची गरजच नसते. दोन-तीन पिना आणि बुश आपल्या ओळखीचा टर्नर लेथवर करून देतो.

पेडलची मोकळी चालही येथेच पाहावी. हाताने दाबल्यावर सुरुवातीला पेडल हलके गेले पाहिजे. ही चाल अजिबात नसेल तर बेअरिंग सतत घासत राहते आणि क्लच घसरतो. ती फार झाली तर क्लच पुरता सुटत नाही. दांडीवरचा नट फिरवून ती जुळवता येते. आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्यावा.

पावसाळाभर उभी राहिलेली गाडी असेल तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. इंजिन बंद ठेवून, टॉप गिअर टाकून, पेडल पूर्ण दाबून मोकळ्या मैदानात गाडी पुढे-मागे हिसके देत ढकलावी. पुष्कळदा तेवढ्यावर सुटते.

खोलावेच लागले तर

मायनरचे रिलीज बेअरिंग गोळ्यांचे नसते, ती कार्बनची कडी असते. तिला ग्रीस कधीही लावू नये. ड्रायव्हर पेडलवर पाय ठेवून गाडी चालवतो किंवा सिग्नलला गिअर टाकून पेडल दाबून उभा राहतो, तेव्हा हाच कार्बन झिजतो. कार्बन संपून लोखंडी वाटी घासू लागली की प्रेशर प्लेटही खराब होते. म्हणून गिअरबॉक्स उतरला की प्लेट आणि कार्बन दोन्ही नवे घालावेत. एकाचे पैसे वाचवायला जाऊन दुसऱ्यांदा मजुरी कोण देणार?

आता तेलाचा प्रश्न. या इंजिनच्या मागच्या टोकाला रबरी ऑइल सील नाही. क्रँकशाफ्टवरच्या आट्यांसारख्या खाचा तेल परत आत ढकलतात. ब्रीदरची नळी चोंदली किंवा इंजिन झिजले की आतला दाब वाढून तेल बाहेर येते. म्हणून 'सील बदलून देतो' असे गिऱ्हाइकाला सांगण्यापूर्वी ब्रीदर साफ करावा. बेल हाउसिंगच्या तळाशी भोक असते व त्यात स्प्लिट पिन असते. तिथून ठिबकणारे तेल पाहिले असते, तर सुरुवातीला सांगितलेल्या मिस्त्रींचे नुकसान टळले असते.

जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ छातीत बसते आणि तिचा त्रास कित्येक वर्षांनी दिसतो. कॉम्प्रेसरची हवा मारू नये. ओल्या फडक्याने पुसावे आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे. हाताखालच्या पोरांना हे पहिल्या दिवशीच शिकवा.

बसवताना प्लेट मधोमध आणावी. गिअरबॉक्सचा जुना पुढचा शाफ्ट या कामी येतो, नसेल तर लेथवर लाकडी दांडा करून घ्यावा. कव्हरचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत. गिअरबॉक्सचे वजन प्लेटवर लोंबकळू देऊ नये, प्लेट वाकते.

भाग कसा शोधावा

बाजारात जाताना जुनी प्लेट सोबत न्यावी आणि तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात : बाहेरचा व्यास, मधल्या खाचांची संख्या, आणि शाफ्टची जाडी. दुकानात शाफ्टवर प्लेट सरकवून पाहता आली तर उत्तम. ऑस्टिन ए 40 सारख्या गाड्यांत याच घराण्याचे इंजिन आहे, तेव्हा दुसऱ्या नावाच्या डब्यात आपला भाग मिळू शकतो. जो नाव विचारतो तो रिकाम्या हाताने परततो, माप सांगणाऱ्याला माल सापडतो.

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत काश्मिरी गेट, कोलकात्यात मलिक बाजार, चेन्नईत पुदुपेट ही मोटारीच्या भागांची जुनी ठिकाणे. जुनी प्लेट घेताना रिव्हेट वर आले आहेत का, मधल्या स्प्रिंगा सैल आहेत का हे पाहावे. प्रेशर प्लेटवर निळे डाग किंवा तडे दिसले तर ती सोडून द्यावी. प्लेटचा सांगाडा चांगला असेल तर नवे लायनिंग रिव्हेटने बसवून घेता येते, फक्त रिव्हेटचे डोके लायनिंगच्या पृष्ठभागाखाली राहिले पाहिजे.

नवे भाग इंग्लंडमध्ये अजूनही तयार मिळतात. श्रीलंकेतल्या कारागिरांनी तर मायनरचे पत्र्याचे भाग बनवून इंग्लंडला पाठवले आहेत. आपल्या पत्रेकाम करणाऱ्या आणि लेथवाल्या बांधवांनी यावर विचार करावा.

एक इशारा

भाग मिळत नाही म्हणून दुसऱ्या गाडीचे इंजिन-गिअरबॉक्स बसवून देण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळते आणि तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये फेरफार झालेली गाडी या व्याख्येत बसत नाही. आपल्या एका घाईच्या जुगाडाने मालकाचा हा हक्क जाऊ शकतो. तेव्हा असे काम करण्यापूर्वी त्याला स्पष्ट सांगावे.

जुन्या गाडीचा मालक दहा ठिकाणी फसून आपल्याकडे आलेला असतो. तपासणीचे पैसे वेगळे आणि आधी सांगून घ्या. काढलेले भाग त्याच्यासमोर ठेवा. पिन बदलून भागत असेल तर पिनचेच पैसे लावा. असा मालक दुसऱ्या दिवशी आणखी दोन जुन्या गाड्या तुमच्या दारात आणून उभ्या करतो, हा आमचा अनुभव आहे.