गाडीची बॅटरी: स्वतः बदलायची की डीलरकडे द्यायची?

जपानमध्ये गाडी असेल तर 'शाकेन' तुम्हाला चुकत नाही. नव्या गाडीला पहिल्यांदा ३ वर्षांनी आणि नंतर दर २ वर्षांनी होणारी ही सक्तीची तपासणी. अशा तपासणीनंतर डीलर अनेकदा सांगतो, "बॅटरी कमजोर झाली आहे, बदलून घ्या," आणि अंदाजपत्रक पुढे करतो. घरी येऊन पाहावं तर ऑनलाइन दुकानात बॅटरी बरीच स्वस्त दिसते. दोन नट सैल करायचे, जुनी बॅटरी उचलायची, नवी ठेवायची. मग जादा पैसे कशाचे?

हा प्रश्न रास्त आहे. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीसाठी उत्तर सोपं होतं: पाना चालवता येत असेल तर स्वतः करा. आजच्या गाडीत मात्र बॅटरीवर लक्ष ठेवणारा एक संगणक बसलेला असतो. तुम्ही पैसे पान्याचे देताय की या संगणकाला समजावण्याचे, हे कळलं की निर्णय आपोआप होतो.

डब्याच्या आत

गाडीची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १८५९ साली फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी शोधलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचंच सुधारलेलं रूप. आत सहा कप्पे, प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्टचा. प्रत्येकात एक पट्टी सच्छिद्र शिशाची, दुसरी लेड डायऑक्साइडची आणि भोवती पातळ सल्फ्युरिक आम्ल. वीज घेतली की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं आणि आम्लाचं पाणी होत जातं. चार्ज केलं की हे सगळं उलट फिरतं.

अडचण अशी, की बॅटरी बराच काळ अर्धवट उतरलेली राहिली तर सल्फेटचे कण मोठे आणि कठीण होतात. मग ते परत विरघळत नाहीत आणि तेवढा भाग कायमचा वाया जातो.

आता योकोहामातलं आपलं आयुष्य पाहा. आठवडाभर ट्रेनने प्रवास, गाडी पार्किंगमध्ये उभी. कुलूपबंद गाडीही घड्याळ, अलार्म आणि किल्लीचा संदेश ऐकणारा रिसीव्हर यांसाठी थोडी वीज खातच असते. ती ३० मिलिअँपिअर धरली तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास होतात. ४० अँपिअर-तासांची बॅटरी साधारण चार आठवड्यांत अर्ध्यावर! रविवारी दहा मिनिटांवरच्या सुपरमार्केटपर्यंत जाऊन आल्याने ही तूट भरून निघत नाही. जाफ या जपानच्या वाहनचालक संघटनेला मदतीसाठी येणाऱ्या फोनमध्ये उतरलेली बॅटरी हे वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकाचं कारण आहे, त्यात नवल नाही.

ऋतूंचाही हात असतो. उन्हाळ्याच्या उष्णतेत पट्ट्या लवकर झिजतात. हिवाळ्यात रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनातलं तेल घट्ट होतं आणि सेल्फला जास्त जोर लावावा लागतो. बॅटरी आजारी पडते ऑगस्टमध्ये, आपल्याला कळतं जानेवारीत.

संगणकाची खतावणी

बॅटरी किती भरली आहे हे व्होल्टेजवरून ओळखणं अवघड असतं. गाडी काही तास उभी असताना पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, अर्धी भरलेली १२.२ च्या आसपास. फरक अर्ध्या व्होल्टचा, आणि गाडी चालू असताना तोही दिसत नाही. म्हणून अनेक नव्या गाड्यांत ऋण टर्मिनलवरच एक छोटा सेन्सर असतो. तो आत किती वीज गेली, बाहेर किती आली याची सतत बेरीज-वजाबाकी करतो. बँकेच्या पासबुकासारखंच हे काम.

या नोंदीवरून गाडी दोन गोष्टी ठरवते. अल्टरनेटरने कधी चार्ज करायचं, ही पहिली. इंधन वाचवायला गाडी वेग घेताना चार्जिंग कमी करते, वेग कमी होताना वाढवते. दुसरी गोष्ट 'आयडलिंग स्टॉप': सिग्नलला इंजिन बंद करायचं की नाही. बॅटरी आतापर्यंत किती राबली आहे, याची नोंदही काही गाड्या ठेवतात.

आता तुम्ही गुपचूप नवी बॅटरी बसवलीत, तर संगणकाच्या खात्यात जुन्याच म्हाताऱ्या बॅटरीचा हिशेब राहतो. काही गाड्या दोन-चार दिवसांत स्वतःच शिकून घेतात. काहींमध्ये मात्र निदान-यंत्र जोडून जुना हिशेब पुसावा लागतो. नाहीतर आयडलिंग स्टॉप बंदच राहतो किंवा चार्जिंग नव्या बॅटरीला साजेसं होत नाही. डीलरच्या बिलातला खरा दाम या रीसेटचा असतो.

तुमची गाडी कोणत्या गटात?

१. आयडलिंग स्टॉप नाही, टर्मिनलवर सेन्सर नाही: स्वतः बदलायला हरकत नाही. बॅटरीवरचा जपानी प्रमाणाचा क्रमांक जुळवा. समजा, '४० बी १९ एल'. यात ४० ही क्षमतेची श्रेणी, बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, १९ म्हणजे सेंटिमीटरमधली लांबी. प्लस टर्मिनल ज्या आखूड बाजूला आहे तिथून पाहिलं की ते डावीकडे असेल तर एल, उजवीकडे असेल तर आर. हे एक अक्षर चुकलं तर केबल पोचत नाही. श्रेणी थोडी जास्त चालेल, बाकी सगळं तेच हवं.

२. आयडलिंग स्टॉप असलेली: इथे एम-४२, एन-५५, क्यू-८५ अशा नावांची खास बॅटरी लागते. प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद असताना दिवे आणि पंखा तीच चालवते, मग लगेच सेल्फ मारते आणि पुन्हा झटपट चार्ज होते. साधी बॅटरी इथे लवकर दम तोडते. रीसेट लागतो का, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा. लागत असेल तर डीलरकडे जा, किंवा ऑटोबॅक्स, येलो हॅट यांसारख्या दुकानात "माझ्या मॉडेलचा रीसेट करता का?" असं आधी विचारा.

३. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक: निस्सानचं मुख्यालय योकोहामातच आहे. त्यांच्या २०१० साली आलेल्या लीफ या पूर्ण विजेवरच्या गाडीतही १२ व्होल्टची शिशाची बॅटरी असते. मोठी बॅटरी जोडणारा स्विच आणि सगळे संगणक तिच्यावरच जागे होतात. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ढिम्म. शिवाय इथे इंजिन फिरवायचं काम तिच्याकडे नसतं, त्यामुळे सेल्फचा रडका आवाज ही नेहमीची पूर्वसूचना मिळत नाही. अनेक हायब्रिडमध्ये ही बॅटरी प्रवाशांच्या भागात असते आणि तिचा वायू बाहेर नेणारी नळी असते. नळी जोडायची राहिली तर हायड्रोजन आत साठू शकतो. या गटात मी डीलरला पैसे देणं पसंत करेन.

स्वतः करणार असाल तर

काढताना आधी मायनस, मग प्लस. जोडताना आधी प्लस, शेवटी मायनस. कारण साधं आहे. गाडीचा सगळा सांगाडा मायनसला जोडलेला असतो. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना सांगाड्याला टेकला, तर शेकडो अँपिअर प्रवाह त्या पान्यातून जातो. अंगठी आणि घड्याळ काढूनच हात घाला. डोळ्यांना चष्मा हवा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो.

नेव्हिगेशन आणि खिडक्यांची स्मृती टिकवायला काही जण बॅकअपचं उपकरण लावतात. ते लावलं की काढलेली प्लस केबलही जिवंत असते. ती जाड रबरी हातमोज्यात गुंडाळून ठेवा. बॅकअप नसेल तर नेव्हिगेशनचा सांकेतिक क्रमांक आधी शोधून ठेवा, काही यंत्रं वीज गेल्यावर तो मागतात.

सेन्सर असलेल्या गाडीला बाहेरून चार्जर लावताना मायनसचा चिमटा बॅटरीवर न लावता पुस्तिकेत दाखवलेल्या धातूच्या जागी लावा. नाहीतर आत गेलेली वीज सेन्सरच्या नजरेतून सुटते आणि पासबुकात नोंद होत नाही.

जुन्या बॅटरीचं काय?

बचतीच्या हिशेबात हे बरेचदा विसरलं जातं. बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग शिशाचा असतो. योकोहामा महापालिका ती घरच्या कचऱ्यात घेत नाही. ऑनलाइन मागवताना विक्रेता जुनी परत घेतो का, ते आधी पाहा. डीलर किंवा दुकानाकडे बदलली तर ती काळजी तुमची उरत नाही.

भारतातही २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. गावी घरच्यांची बॅटरी बदलाल तेव्हा चार पैसे जास्त देणाऱ्या भंगारवाल्यापेक्षा अधिकृत विक्रेत्याला द्या. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीनपैकी एका मुलाच्या रक्तात शिशाचं प्रमाण चिंताजनक आहे, आणि उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणं हे त्याचं एक मोठं कारण आहे.

तर डीलरचं अंदाजपत्रक हाती आलं की तीन आकडे वेगळे मागा: बॅटरी किती, मजुरी किती, रीसेट किती. रीसेटची गरज नसेल आणि गाडी पहिल्या गटातली असेल, तर पाना उचला. गरज असेल तर ते पैसे वाया जात नाहीत. जानेवारीची वाट मात्र पाहू नका. पुढच्या तपासणीला बॅटरीचा अंतर्गत रोध मोजून मागा. काही सेकंदांत कळतं.