जिस्ट कार्ड आणि वऱ्हाडातला ‘ऱ’

प्रश्न : वडिलांच्या जुन्या संगणकातून ‘जिस्ट’ लिहिलेलं एक कार्ड निघालं. ते कशासाठी होतं? नव्या संगणकात ते बसवून त्यांच्या मराठी फाइली उघडतील का? – एक वाचक, अमरावती

उत्तर : कार्ड बसणार नाही. फाइली मात्र शाबूत असतील, तर नक्की वाचता येतील.

डॉसच्या काळात पडद्यावरच्या अक्षरांचे साचे डिस्प्ले कार्डाच्या चिपमध्ये कायमचे भरलेले असत, तेही इंग्रजीचे. तिथे काना-मात्रा, जोडाक्षरं कुठून उमटणार? आयआयटी कानपूरमध्ये यावर काम झालं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकनं ते जिस्ट कार्डाच्या रूपानं घरोघरच्या नाही, तरी कचेऱ्यांच्या संगणकांपर्यंत नेलं. १९८८मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक डॉ. विजय भटकर हे आपल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. हे कार्ड लावलं की वर्डस्टार, डीबेससारखे इंग्रजी प्रोग्रामही मराठी दाखवत.

कार्ड बसायचं ते आयएसए स्लॉटमध्ये. हा स्लॉट आयबीएमच्या १९८१च्या पीसीतला. इतर कंपन्यांनी त्याच बनावटीचे संगणक काढले, तेव्हा आयबीएमनं १९८७मध्ये ‘मायक्रो चॅनल’ हा स्वतःच्या मालकीचा स्लॉट आणला. कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी दुसऱ्याच वर्षी जुनी कार्डं चालतील असा ‘ईआयएसए’ पुढे केला. दोन्ही मागे पडले, १९९२चा पीसीआय टिकला. आज साध्या मदरबोर्डावर आयएसए सापडत नाही.

पण जिस्टनं मजकूर ‘इस्की’ या भारतीय मानकात साठवला, हे फार मोठं काम झालं. त्यात ‘क’ म्हणजे १७९, मग फॉन्ट कोणताही असो. साधा ‘र’ वेगळा आणि ‘ऱ’ वेगळा, दोघांना स्वतंत्र क्रमांक. म्हणून ‘वऱ्हाड’ नीट लिहिता येई. साधा ‘र’ पाय मोडून लिहिला की रफार ‘हा’च्या डोक्यावर चढून ‘वर्हाड’ होतं. युनिकोडनं देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवरूनच घेतली, आणि ‘ऱ’सुद्धा.

नंतर विंडोज आलं, कार्डाची गरज संपली आणि जो तो आपापला फॉन्ट घेऊन बसला. कृतिदेवमध्ये ‘क’ इंग्रजी ‘डी’च्या जागी, श्रीलिपी, आकृतीची जुळणी आणखी निराळी. अमरावतीत टाइप केलेली पत्रिका अकोल्याच्या डीटीपीवाल्याकडे तोच फॉन्ट नसला की निव्वळ इंग्रजी अक्षरांचा खच. म्हणून १९९०ची जिस्टची फाइल आज युनिकोडमध्ये आणणं २०००च्या फाइलीपेक्षा सोपं आहे, असं मी खात्रीनं सांगतो.

आधी फ्लॉपींची प्रत काढून घ्या. यूएसबीचे ड्राइव्ह साडेतीन इंचीच मिळतात. सव्वापाच इंची असतील तर त्या आकाराचा जुना ड्राइव्ह चालू ठेवलेला कारागीर शोधावा लागेल. फाइल देताना ती इस्कीतली आहे की फॉन्टमधली, आणि फॉन्ट कोणता, हे लिहून द्या.