तबकडीवरील सूक्ष्म लेखन

जाड बोरूने कागदावर लिहिल्यास चारच ओळी मावतात. बारीक टाकाने त्याच कागदावर पुष्कळ मजकूर बसतो. प्रकाशतबकडीचे मर्म हेच होय. सीडी, डीव्हीडी व 2006 साली बाजारात आलेली ब्लू-रे, तिन्हींचा व्यास 12 सेंटिमीटरच. परंतु सीडी वाचणारा किरण 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा, डीव्हीडीचा 650 आणि ब्लू-रेचा निळसर जांभळा किरण 405 चा असतो. तरंग आखूड व भिंग अधिक समर्थ, म्हणून प्रकाशाचा ठिपका लहान आणि खुणा दाट. सीडीवर सुमारे 0.7 गिगाबाइट माहिती मावते, डीव्हीडीच्या एका थरावर 4.7, तर ब्लू-रेच्या एका थरावर 25.

तथापि, मावणे म्हणजे टिकणे नव्हे. आपल्या माटुंग्याहून गिरगाव ते किती दूर? तेथील मॅजेस्टिक चित्रगृहात 1931 साली ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट झळकला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. तबकडीसही ओरखडा पडतो, आणि वाचणारे यंत्र मिळेनासे झाले की ती मुकी होते. म्हणून आजीआजोबांचा आवाज जेथे साठविला असेल, त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्या व वर्षातून एकदा तरी लावून पाहाव्या, अशी पालकांस आमची विनंती आहे. सोपविलेले धन राखणे हेच विश्वासू कारभाऱ्याचे काम होय.