मदत परतल्यावर मागे काय उरते?
आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील परकीय साहाय्याचा एक अभ्यास

स्मरणिका हा कृतज्ञतेचा ग्रंथ असतो. आपल्या वसतिगृहाच्या भिंती, ग्रंथालयातील कपाटे, आरंभीच्या तुकड्यांच्या ताटातील भाकरी या साऱ्यांमागे कोणाचे ना कोणाचे दान होते. त्याची नोंद या अंकात इतरत्र येईलच. आम्ही येथे थोडा निराळा लेख सादर करीत आहोत. ज्यांनी इतरांच्या मदतीने शिक्षण घेतले, त्यांनी मदत या गोष्टीचाच कधीतरी शांतपणे अभ्यास करावा, असे आम्हांला वाटते. मदत माणसाला केव्हा उभे करते आणि केव्हा परावलंबी करते? देणारा निघून गेल्यावर मागे काय टिकते?

या प्रश्नांसाठी आम्ही आफ्रिका खंडाकडे वळलो. आरोग्य, शिक्षण आणि निसर्गरक्षण या तिन्ही क्षेत्रांत परकीय साहाय्याचे असंख्य प्रयोग तेथील खेड्यांत झाले आहेत. आरंभीच एक खबरदारी घ्यावयास हवी. आफ्रिका हा एक देश नव्हे. त्यात पन्नासाहून अधिक स्वतंत्र राष्ट्रे आहेत आणि प्रत्येकाचा इतिहास वेगळा आहे. म्हणून सरसकट विधाने टाळून आम्ही मोजकीच उदाहरणे घेतली आहेत.

१. आरोग्य : नारूचा शेवट

पहिले उदाहरण आपल्या वडीलधाऱ्यांच्या ओळखीचे आहे. नारू हा शब्द आजच्या विद्यार्थ्यांनी कदाचित ऐकलाही नसेल, पण साठी उलटलेल्या अनेकांना तो आठवत असेल. दूषित पाण्यातील सूक्ष्म जलपिसवांबरोबर या कृमीच्या अळ्या पोटात जातात. सुमारे वर्षभराने हातभर लांबीचा, कधी त्याहूनही लांब, दोऱ्यासारखा कृमी बहुधा पायाची कातडी फोडून बाहेर येऊ लागतो. त्याची आग असह्य होते, म्हणून रुग्ण पाय पाण्यात बुडवतो, आणि त्याच क्षणी कृमी हजारो अळ्या पाण्यात सोडतो. या रोगावर औषध नाही आणि लसही नाही. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा कृमी ओढून काढणे, एवढाच उपाय शेकडो वर्षे चालत आला.

भारतात महाराष्ट्रासह सात राज्यांत हा रोग होता. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्याची पद्धत त्याचे मोठे कारण होते. १९८० च्या दशकात सरकारने निर्मूलनाची मोहीम हाती घेतली. पायऱ्या बुजवून विहिरींना कठडे घातले, हातपंप बसवले, पाणी गाळून पिण्याची शिकवण घरोघरी दिली. राजस्थानातील कामाला युनिसेफ आणि स्वीडन यांचेही साहाय्य लाभले. १९९६ मध्ये देशातील शेवटचा रुग्ण आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

आफ्रिकेतील काम अधिक कठीण होते. १९८६ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेने या मोहिमेचे नेतृत्व स्वीकारले. त्या वेळी आफ्रिका आणि आशियातील २१ देशांत मिळून वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत असे. पेरणी आणि कापणीच्या हंगामातच माणसे अंथरुणाला खिळत. त्यामुळे मालीतील डोगोन लोक या रोगाला रिकाम्या कणगीचा रोग म्हणत. आईबाप पडून राहिले की शेतीचे आणि घरचे काम मुलांवर येई आणि शाळा सुटे.

या मोहिमेतील साधने अगदी साधी होती. पाणी गाळण्याचे बारीक विणीचे कापड, गुराख्यांनी गळ्यात अडकवून नेण्याची गाळणी-नळी, तळ्यातील अळ्या मारणारे औषध आणि रोग्याने पाण्यात उतरू नये म्हणून ठेवलेले लक्ष, एवढेच. पैसा, कापड आणि औषध बाहेरून आले. पण पहारा गावाने केला. प्रत्येक गावातील स्वयंसेवक, ज्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती, रुग्णांची नोंद ठेवत आणि गाळणीचे कापड फाटले आहे काय, ते पाहत. सुदानमध्ये यादवी युद्ध चालू असताना १९९५ मध्ये कार्टर यांनी दोन्ही पक्षांना शस्त्रे खाली ठेवण्यास राजी केले. जवळजवळ सहा महिने टिकलेल्या त्या युद्धविरामात आरोग्यसेवक पूर्वी जाता न येणाऱ्या गावांपर्यंत पोहोचले.

याचे फळ मोठे आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नायजेरियात सहा लाखांहून अधिक रुग्ण मोजले गेले होते. तो देश २०१३ मध्ये नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला, आणि घाना २०१५ मध्ये. २०२४ या संपूर्ण वर्षात जगात केवळ १५ माणसांना नारू झाला, तेही चाड आणि दक्षिण सुदान या दोन देशांत. काम अद्याप संपलेले नाही, कारण चाडमध्ये कुत्र्यांनाही हा कृमी होतो असे आढळले. कार्टर त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये शंभर वर्षांचे होऊन निवर्तले. त्यांना नारूचा संपूर्ण अंत पाहता आला नाही, परंतु तो आता दृष्टिपथात आला आहे.

२. शिक्षण : पुस्तक आणि गोळी

दुसरे उदाहरण केनियाच्या पश्चिम भागातील बुसिया जिल्ह्याचे आहे. १९९० च्या दशकात तेथील ग्रामीण शाळांत एक परदेशी सेवाभावी संस्था काम करीत होती. मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे एक साधा प्रश्न विचारला : दिलेल्या मदतीचा मुलांना खरोखर उपयोग होतो काय, हे आपण मोजून पाहतो का?

आधी पाठ्यपुस्तकांची पाहणी झाली. पुस्तके मिळाली की निकाल सुधारेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात सर्वसाधारण विद्यार्थ्याच्या गुणांत फरक पडला नाही. आधीपासून हुशार असलेल्या मुलांनाच लाभ झाला. कारण शोधता असे दिसले की पुस्तके इंग्रजीत होती आणि खेड्यातील अनेक मुलांची ती तिसरी भाषा होती. पुस्तक हाती आले तरी ते वाचता येईना. ज्यांच्या घरात पहिल्यांदा पाटी-पेन्सिल आली, अशा आपल्या पालकांना यात नवल वाटणार नाही.

त्यानंतर जंतनाशक गोळीची पाहणी झाली. ७५ शाळांचे तीन गट करून १९९८ पासून क्रमाक्रमाने प्रत्येक गटाला औषध देण्यात आले. गोळी अत्यंत स्वस्त होती, पण जेथे ती मिळाली तेथे शाळेतील गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. संसर्ग कमी झाल्याने शेजारच्या, औषध न मिळालेल्या मुलांनाही लाभ झाला. परीक्षेतील गुण मात्र त्याने वाढले नाहीत. या निष्कर्षांवर पुढे तज्ज्ञांमध्ये बराच वाद झाला आणि तो होणे योग्यच होते. मुलगा वर्गात आला म्हणजे तो शिकलाच, असे नव्हे. आत गेल्यावर त्याला समजेल असे शिकवणारा शिक्षक लागतोच.

पुढे केनियाच्या सरकारने ही मोहीम देशभर हाती घेतली. जंतनाशक गोळी आपल्या मुलांच्याही ओळखीची आहे. भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. मदतीचे परिणाम असे काटेकोर तपासण्याच्या पद्धतीबद्दल २०१९ मध्ये क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्याबरोबर एस्तेर डुफ्लो आणि मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी यांचाही गौरव झाला.

३. निसर्गरक्षण : राखणदार कोण?

तिसरे उदाहरण नामिबियाचे. वर्णभेदी राजवटीत तेथे एक विचित्र कायदा होता. गोऱ्या जमीनमालकाला आपल्या शेतावरील वन्यप्राण्यांवर हक्क होता, पण सामाईक जमिनीवर राहणाऱ्या कृष्णवर्णीयांना तसा कोणताही हक्क नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या ज्या भूमीवर ते राहिले, तेथील हरीण मारले तर ते चोर ठरत. प्राणी सरकारचे, आणि त्यांनी केलेली नुकसानी मात्र गावाची. अशा स्थितीत गावाला प्राण्यांविषयी आस्था वाटावी तरी कशी? १९८० च्या सुमारास दुष्काळ आणि चोरटी शिकार यांमुळे वायव्य भागातील हत्ती व गेंडे झपाट्याने कमी झाले.

त्या काळात गार्थ ओवेन-स्मिथ या निसर्गरक्षकाने तेथील गावप्रमुखांशी बोलणी केली. गावप्रमुखांनी आपल्यातलीच माणसे राखणदार म्हणून नेमली. रान आणि प्राण्यांचे माग त्यांना चांगले ठाऊक होते, कारण त्यांतील काही जण पूर्वी स्वतः शिकार करीत. त्यांना मोबदला म्हणून थोडे धान्य-पीठ आणि अल्प पैसे मिळत. ते बाहेरच्या देणगीतून येत, परंतु राखणदार उत्तरदायी असत ते आपल्या गावाला.

१९९० मध्ये देश स्वतंत्र झाला. १९९६ मध्ये कायदा बदलून सामाईक जमिनीवरील लोकांनाही वन्यजीवांवर हक्क देण्यात आले. गावांनी एकत्र येऊन सीमा आखावी, सभासद नोंदवावेत, समिती निवडावी, आणि पर्यटनाचे उत्पन्न स्वतः वाटून घ्यावे, अशी ही व्यवस्था आहे. अमेरिकी सरकार आणि जागतिक वन्यजीव निधी यांनी प्रशिक्षण व पैसा पुरवला. १९९८ मध्ये पहिली चार सामुदायिक संरक्षण क्षेत्रे नोंदली गेली. आज त्यांची संख्या ऐंशीच्या वर असून देशाची सुमारे एक पंचमांश भूमी त्यांत येते. राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणाबाहेर काळे गेंडे मोकळे फिरताना तेथे दिसतात.

उणिवाही आहेत. हत्ती पाण्याच्या टाक्या फोडतात, सिंह गुरे मारतात आणि भरपाई अपुरी पडते. २०२० मध्ये महासाथीने पर्यटन थांबले, तेव्हा अनेक क्षेत्रांचे उत्पन्न आटले. तरीही मूळ गोष्ट टिकून आहे. येथील सर्वांत मोठी मदत पैशाची नव्हती. ज्यांचा हक्क हिरावला होता त्यांना तो परत मिळाला, हेच खरे साहाय्य.

४. फसलेला प्रयोग

यशाच्याच गोष्टी सांगितल्या तर अभ्यास अपुरा राहील. दक्षिण आफ्रिकेत प्ले-पंप नावाची एक कल्पना निघाली. मुले गोल फिरणाऱ्या पाळण्यावर खेळतील, त्या फिरण्याने जमिनीतील पाणी उंच टाकीत चढेल, आणि टाकीवरील जाहिरातींतून देखभालीचा खर्च निघेल. कल्पना इतकी मोहक होती की २००६ मध्ये अमेरिकेत मोठा निधी जाहीर झाला आणि २०१० पर्यंत असे चार हजार पंप बसवण्याचे ठरले.

प्रत्यक्षात गावाला पाणी लागते ते रोज, पहाटेपासून, आणि मुले खेळतात ती मनाला येईल तेव्हा. अनेक ठिकाणी बायांनाच ते जड चक्र हाताने फिरवावे लागले. काही गावांत चालू स्थितीतला हातपंप काढून त्याच्या जागी हे यंत्र बसवले होते. ते बिघडले की दुरुस्तीसाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे. पाणी भरणाऱ्या बाईला आधी कोणी विचारलेच नव्हते. ठरलेले उद्दिष्ट कधीच गाठले गेले नाही आणि मोहीम गुंडाळावी लागली.

५. मदत अचानक थांबते तेव्हा

आता अगदी अलीकडची घटना. २००३ मध्ये अमेरिकेने एचआयव्हीविरुद्ध एक विशाल कार्यक्रम सुरू केला. त्याने आफ्रिकेतील लक्षावधी लोकांपर्यंत औषधे पोहोचवली आणि कोट्यवधी जीव वाचवले, असे मानले जाते. २० जानेवारी २०२५ रोजी नव्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी परकीय साहाय्य नव्वद दिवसांसाठी गोठवले. त्याच वर्षी १ जुलैपासून यूएसएड या संस्थेचे कामही बंद झाले. काही कामांना सूट मिळाली, तरी अनेक देशांत दवाखाने बंद पडले, आरोग्यसेविका घरी बसल्या आणि रोज गोळी घ्यावी लागणाऱ्या रुग्णांना ती उद्या मिळेल की नाही, हे कळेनासे झाले.

येथे दोष एकट्या दात्याचा नाही. २००१ मध्ये अबुजा येथे आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी आपल्या अंदाजपत्रकाचा १५ टक्के भाग आरोग्यावर खर्च करण्याचे वचन दिले होते. फार थोड्या देशांनी ते पाळले. बाहेरून औषध येत राहिले म्हणून घरची तरतूद मागे पडली. पण याची किंमत दात्याला मोजावी लागली नाही आणि राज्यकर्त्यालाही नाही. ती मोजली दूरच्या खेड्यातील रुग्णाने.

६. आपल्यासाठी बोध

या उदाहरणांतून आम्हांला चार गोष्टी दिसतात. ज्याला मदत द्यावयाची त्याला आधी विचारावे. दिल्यानंतर तिचा उपयोग झाला की नाही, हे प्रामाणिकपणे मोजावे आणि निष्कर्ष आपल्या मनाविरुद्ध गेला तरी स्वीकारावा. काम चालवण्याचे कौशल्य आणि अधिकार स्थानिक माणसांच्या हाती सोपवावेत. आणि घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून विचारावे : ही मदत थांबली तर आपण काय करू?

हे प्रश्न केवळ परदेशांसाठी नाहीत. आपली शाळाही दानावर उभी राहिली आणि अजून काही अंशी दानावरच चालते. माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपण शाळेला काही देऊ इच्छिता तेव्हा वास्तूवर नाव कोरण्यापूर्वी वसतिगृहाच्या गृहमातांना, स्वयंपाकघरातील मावशींना आणि पाचवीतल्या मुलांना एकदा विचारावे की त्यांना खरी अडचण कशाची आहे. कदाचित ते नवे सभागृह मागणार नाहीत. कदाचित गळका नळ दुरुस्त करा म्हणतील, किंवा गणित समजावून देणारे कोणी रविवारी यावे असे सांगतील.

अभ्यासमंडळांत चर्चेसाठी आम्ही पुढील प्रश्न सुचवितो :

१. आपल्या गावात बाहेरच्या मदतीने झालेले एखादे काम आज कोणत्या स्थितीत आहे? त्याची देखभाल कोण करते?
२. घरातील वडीलधाऱ्यांकडून नारूच्या आठवणी मिळवून लिहून काढा. तो रोग गेला तेव्हा गावातील पाण्याची व्यवस्था कशी बदलली?
३. आपल्या शाळेला मिळणारी एखादी मोठी देणगी उद्या बंद झाली, तर कोणते काम पहिल्यांदा अडेल? त्यासाठी आजच काय करता येईल?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे शाळेच्या कार्यालयाकडे लिहून पाठवावीत, अशी आमची विनंती आहे. त्यांचा उपयोग येत्या वर्षाच्या नियोजनात व्हावा, हीच या लेखामागील इच्छा.