महायुद्धाचा खर्च कोणी भरला?



शाळेत पहिल्या महायुद्धाचा धडा शिकविताना आम्ही मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. ते युद्ध कोणाच्या पैशाने लढले गेले, हे मात्र राहूनच जाते. तेवढेच आज जर्मनीच्या उदाहरणावरून पाहू.

1914 साली युद्धात उतरताना जर्मन सरकारने कर फारसे वाढविले नाहीत. कर्जरोखे काढले, एकंदर नऊ वेळा, आणि नोटाही छापल्या. शिक्षक, कारकून, विधवा, छोटे दुकानदार यांनी आयुष्याची शिल्लक देशाच्या नावाने त्या रोख्यांत घातली. आपण जिंकू आणि हे पैसे हरलेल्यांकडून वसूल करू, असा सरकारचा होरा होता. तिकडे ब्रिटिश आरमाराने समुद्र अडविला. 1916-17 च्या हिवाळ्यात बटाट्याचे पीक बुडाले, तेव्हा शहरांतील माणसे गुरांना घालावयाच्या कंदांवर जगली. पुरुष आघाडीवर गेल्यामुळे दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्त्रिया राबल्या. सैनिक परतताच त्यांतील पुष्कळजणींना घरी बसविण्यात आले. 1918 च्या नोव्हेंबरात मिळालेला मताचा हक्क तेवढा त्यांच्या हाती राहिला.

जर्मनी हरली. तिचे सुमारे 20 लाख सैनिक मेले होते. वरून 1921 साली नुकसानभरपाई ठरली 132 अब्ज सुवर्ण मार्क. ती थकली म्हणून 1923 च्या जानेवारीत फ्रान्स व बेल्जियम यांनी रूरचा कोळशाचा मुलूख व्यापला. तेथील कामगारांनी काम बंद ठेवले आणि त्यांना पोसण्यासाठी सरकारने आणखी नोटा छापल्या.

युद्धापूर्वी एका डॉलरला 4.20 मार्क पडत. 1923 च्या नोव्हेंबरात 4 लाख 20 हजार कोटी मार्क पडू लागले. आकडा पुन्हा वाचा, ही छपाईची चूक नाही! मजुरी हाती पडताच माणसे पाव आणावयास धावत, कारण संध्याकाळी भाव चढलेला असे.

मग सारेच बुडाले काय? मुळीच नाही. ज्याच्याकडे जमीन वा कारखाना होता, त्याची वस्तू शाबूत राहिली. ज्याने मोठी कर्जे काढली होती, त्याने ती रद्दी झालेल्या नोटांनी फेडली. ह्यूगो स्टिनेस या उद्योगपतीचा पसारा याच काळात अफाट वाढला. सरकारचे युद्धकर्जही असेच विरघळले. बुडाले ते पेन्शनवाले आणि रोखेवाले. आणि मजुराची मजुरी भावाच्या मागे धापा टाकीत राहिली.

त्याच 1923 साली लंडनमध्ये बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. विषय हिंदुस्थानच्या चलनाचा, परंतु मर्म हेच. चलन उतरले की भाव आधी चढतात, मजुरी मागून येते. म्हणजे धंदेवाल्याचा नफा मजुराच्या तोट्यातून निघतो. जर्मनीची गोष्ट कळली, की तो ग्रंथ तितकासा अवघड वाटत नाही.

नोव्हेंबर 1923 मध्ये रेंटेनमार्क हे नवे चलन आले. एक लाख कोटी जुन्या मार्कांचा एक नवा मार्क झाला आणि भाव स्थिरावले. 1925 साली कायदा करून सरकारी रोख्यांची किंमत पुन्हा ठरविण्यात आली, ती मूळ रकमेच्या अडीच टक्के. ज्यांनी पूर्वीपासून रोखे सांभाळून ठेवले होते, त्यांना थोडे अधिक मिळावयाचे होते. तेही सोडतीत नंबर लागेल तेव्हा.