चिमणी, मच्छर आणि हिवताप

आपल्या अहेरी भागात पावसाळ्यात हिवताप येतो. आधी हुडहुडी भरते, मग अंग तापते, मग घाम सुटतो. हा ताप मच्छराने होतो हे कसे कळले, ते मी सांगतो.

प्राणहितेपलीकडे तेलंगणा आहे. तिथल्या सिकंदराबादला रोनाल्ड रॉस नावाचे डॉक्टर होते. २० ऑगस्ट १८९७ ला त्यांना मच्छराच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. पण ते पुढे जातात कसे?

१८९८ साली कलकत्त्याला त्यांनी चिमण्या घेतल्या. चिमण्यांनाही त्यांचा वेगळा हिवताप होतो. आजारी चिमणीला चावलेले मच्छर त्यांनी चांगल्या चिमण्यांना चावू दिले. त्यातल्या बहुतेक आजारी पडल्या! जंतू मच्छराच्या लाळेतून जातात हे कळले. नंतर इटलीच्या शास्त्रज्ञांनी माणसाचा हिवताप ॲनाफिलीस मच्छराच्या मादीने होतो हे दाखवले. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता शास्त्रज्ञ पिकलेल्या केळीवरच्या बारीक माशांवरही माणसाच्या रोगांचा अभ्यास करतात. दहा-बारा दिवसांत अंड्याची माशी होते, म्हणून लवकर समजते.

पालकहो, काही जण ताप अंगावर काढतात. तसे करू नका. आशाताईकडे लगेच रक्त तपासा. मित्रांनो, घराजवळ पाणी साचू देऊ नका आणि मच्छरदाणीत झोपा.