वार्तेचा धनी कोण?

वसईतील ज्या आळीत माझे बालपण गेले, तिच्या तोंडाशी एक लहानसे वाचनालय होते. त्याच्या ओसरीवर भिंतीला टेकून एक काळा फळा उभा असे. रोज सकाळी ग्रंथपाल त्यावर खडूने गावातील वार्ता लिहीत. कोणाच्या घरी कार्य आहे, कोणाची गाय चुकली आहे, विरारकडून येणारी गाडी किती उशिरा आहे, अशा त्या साध्या वार्ता असत. परंतु फळ्याचा एक नियम फार कडक होता. प्रत्येक वार्तेखाली ती आणणाऱ्याचे नाव लिहिले जाई. कोणी नाव देण्यास कचरला, तर ग्रंथपाल हातातील खडू खाली ठेवीत आणि म्हणत, "जिला धनी नाही, ती वार्ता फळ्यावर चढणार नाही."

एकदा मी धावत जाऊन त्यांना सांगितले, "उद्या शाळेला सुट्टी आहे!"

"कोणी सांगितले?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण? नाव सांग, लिहितो."

मी निरुत्तर झालो. दुसऱ्या दिवशी शाळा नेहमीप्रमाणे भरली. मी मात्र गृहपाठ न करताच गेलो होतो. पुढे काय झाले ते सांगण्याची आवश्यकता नाही!

वर्षे लोटली. ते ग्रंथपाल गेले आणि फळाही अडगळीत पडला. मी शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो. सन २०१६ मध्ये आळीतील काही उत्साही तरुणांनी भ्रमणध्वनीवर एक वार्तासमूह स्थापन केला. आपल्या परिसरातील वार्ता एकमेकांस तत्काळ कळवाव्यात, हा त्यांचा हेतू होता. त्यांनी मलाही आग्रहाने त्यात घेतले. प्रारंभी चाळीस असलेले सभासद वर्षभरात अडीचशेपर्यंत पोहोचले.

त्या समूहाने आरंभी पुष्कळ चांगले काम केले, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. पाण्याचा टँकर कधी येणार, कोणती लोकल रद्द झाली, हे घरबसल्या समजू लागले. एका रात्री एका वृद्धेला रक्ताची गरज पडली. अर्ध्या तासात चार तरुण रुग्णालयाच्या दारात उभे राहिले. मला वाटले, आमच्या वाचनालयाचा फळा पुन्हा उभा राहिला आहे, आणि तोही प्रत्येकाच्या तळहातावर!

परंतु हळूहळू समूहाचे रूप पालटू लागले. आलेली वार्ता आवडली, की सभासद अंगठ्याचे चिन्ह पाठवीत. पाणी केव्हा येणार या उपयुक्त वार्तेला दोन अंगठे मिळत. भय किंवा क्रोध उत्पन्न करणाऱ्या वार्तेला साठ मिळत. ज्याला अधिक अंगठे, त्याचा समूहात अधिक मान. मग असे अंगठे मिळवण्याची चढाओढ लागली. कोणी कुठूनही वार्ता आणावी, तिला तिखटमीठ लावावे आणि खाली लिहावे, 'आली तशी पुढे पाठवत आहे.' म्हणजे वार्ता सर्वांची झाली आणि धनी कोणीच उरला नाही. पूर्वी ज्याला लिहिता-वाचता येत नसे, तो अंगठा उठवी. आम्ही लिहिणारे-वाचणारे लोक पूर्ण न वाचताच अंगठे उठवू लागलो. खऱ्या पण साध्या वार्ता आणणारी माणसे हळूहळू मूक झाली.

हे सर्व मला दिसत होते. तरीही मी समूहात राहिलो, आणि एके दिवशी माझ्याच हातून मोठा अपराध घडला.

तो जून २०१८ चा महिना होता. माझ्याकडे कोणीतरी एक छोटी चित्रफीत पाठवली. मोटारसायकलवरून दोन माणसे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या एका बालकाला उचलतात आणि निघून जातात, एवढेच तिच्यात दिसत होते. सोबत मजकूर होता : 'मुले पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे. अनोळखी माणूस दिसताच सावध व्हा.' माझ्या मनात आळीतील लहान मुले उभी राहिली. मी क्षणभरही विचार न करता ती चित्रफीत समूहाकडे पाठवली. तिला त्या दिवशी सर्वांत अधिक अंगठे मिळाले. खरे सांगायचे तर, मला ते आवडले.

तिसऱ्या दिवशी दुपारी नाक्यावर गलका ऐकू आला. बाहेर जाऊन पाहतो तो पंचवीस-तीस माणसांनी एका धारवाल्याला घेरले होते. सुऱ्या आणि विळ्यांना धार लावणारा हा मनुष्य दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडी आपली सायकल घेऊन येत असे. त्याने एका मुलाकडे प्यायला पाणी मागितले, एवढेच निमित्त झाले होते. त्याच्या पिशवीत सुऱ्या निघाल्या. धारवाल्याच्या पिशवीत सुऱ्या असायच्याच. परंतु भयाने आंधळ्या झालेल्या डोळ्यांना तोच पुरावा वाटला. कोणी त्याची कॉलर धरली होती, कोणी सायकल आडवी पाडली होती.

मी पुढे होऊन म्हणालो, "थांबा! कशावरून हा मुले पळवणारा?"

माझाच एक जुना विद्यार्थी वळून म्हणाला, "सर, तुम्हीच तर पाठवलं होतं!"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. इतक्यात नाक्यावर भाजी विकणारी एक मावशी टोपली तशीच टाकून गर्दीत शिरली. तिने धारवाल्याला नावाने हाक मारली आणि लोकांना म्हणाली, "अरे पोरांनो, वीस वर्षं हा माझ्या कोयत्याला धार लावतोय. याचं नाव तरी कुणी विचारलंत का?"

गर्दीतील हात सैल झाले. एकाने सायकल उचलून उभी केली. तोवर पोलीस शिपाईही आला. धारवाला कोणाला काही बोलला नाही. त्याने धारेचे चाक हाताने फिरवून पाहिले, तुटलेला पट्टा खिशात घातला आणि सायकल ढकलत तो स्टेशनच्या दिशेने निघून गेला.

पुढे काही दिवसांनी वृत्तपत्रांतून त्या चित्रफितीचे खरे रूप कळले. ती मुळात पाकिस्तानातील कराची शहरात, मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना जागे करण्यासाठी तयार केलेली होती. तिच्या अखेरीस तीच दोन माणसे बालकाला परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा संदेश लिहिलेला फलक दाखवतात. कोणीतरी हा शेवटचा भाग कापून टाकला होता. महाभारतातील द्रोणवधाचा प्रसंग तुम्हांला ठाऊक असेल. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला होता. युधिष्ठिराने वाक्याचा पूर्वार्ध मोठ्याने उच्चारला आणि हत्तीचा उल्लेख हळूच केला. द्रोणाचार्यांना वाटले, आपला पुत्र गेला. त्यांनी शस्त्र खाली ठेवले. अर्धे कापलेले सत्य हे असत्याहूनही घातक असते, कारण त्याचा चेहरा सत्याचा असतो.

आमच्या नाक्यावर एक मावशी होती, म्हणून एक जीव वाचला. सर्वत्र असे घडले नाही. दिनांक १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी आठवड्याच्या बाजारात भिक्षेसाठी आलेल्या डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना, मुले पळवणारे समजून, जमावाने ठार मारले. दिनांक १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, आपल्याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले गावाजवळ अफवांनी भयभीत झालेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचा बळी घेतला. या माणसांचा अपराध एकच होता : ती तेथे अनोळखी होती.

अफवा एवढ्या वेगाने का पसरते, हे साध्या गणिताने समजेल. एकाने एक वार्ता पाच जणांना सांगितली, त्या प्रत्येकाने आणखी पाच जणांना सांगितली, असे होत गेले, तर सहाव्या पायरीला ती १५,६२५ आणि आठव्या पायरीला ३,९०,६२५ जणांकडे पोहोचते. म्हणूनच जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲप चालवणाऱ्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठवण्यास बंदी घातली, आणि दुसऱ्याकडून आलेल्या संदेशावर तशी खूण दिसेल अशी व्यवस्था केली. परंतु पाचांचा गुणाकार केवढा होतो, हे आताच आपण पाहिले. शिवाय खुलासा मात्र अफवेच्या वाटेने धावत नाही. पराचा कावळा झटकन होतो; कावळ्याचे पुन्हा पर करणे फार कठीण.

राईनपाड्याची वार्ता आली त्याच दिवसांत मी समूहापुढे एक सूचना मांडली : प्रत्येकाने वार्तेखाली आपले नाव, स्थळ आणि वेळ लिहावी, आणि 'मी पाहिले' की 'मी ऐकले' हेही सांगावे. माझ्या सूचनेला तीन अंगठे मिळाले. एकाने लिहिले, "सर, एवढं तपासत बसलो तर बातमी शिळी होईल." दुसऱ्याने लिहिले, "जुना काळ गेला आता."

जुना काळ! मला आपल्या शेजारच्या सोपाऱ्याची आठवण झाली. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा तेथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला, आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा भाग सापडला. अशोकालाही आपला संदेश हजारो लोकांपर्यंत पोहोचवायचा होता. परंतु 'देवांचा प्रिय राजा प्रियदर्शी' असे आपले नाव सांगून तो बोलतो. अन्यत्र सापडलेल्या त्याच्या तेराव्या लेखात तर कलिंगच्या युद्धाचा पश्चात्ताप कोरलेला आहे. चूक झाली, तीही त्याने आपल्या नावानेच सांगितली. सव्वादोन हजार वर्षांनंतरही त्या शब्दांना धनी आहे; आमच्या समूहातील कालच्या वार्तेला नव्हता.

मी समूहाचा निरोप घेतला. समूहातील माणसे वाईट नव्हती. ती माझेच शेजारी आणि माझेच विद्यार्थी होते. परंतु ज्या सभेत 'कोणी सांगितले?' असे विचारणाऱ्यालाच अडाणी समजतात, त्या सभेत माझे मन रमेना. मी वाचनालयात गेलो. अडगळीतला फळा बाहेर काढला, धुतला, ओसरीवर उभा केला आणि त्यावर पहिली वार्ता लिहिली :

'जूनमध्ये मी पाठवलेली मुले पळवणाऱ्यांची चित्रफीत दिशाभूल करणारी होती. मी ती न तपासता पाठवली. आपल्या आळीत येणारा धारवाला निरपराध आहे. त्याला झालेल्या त्रासास मी कारण आहे.'

खाली मी माझे नाव लिहिले. त्या वेळी हात थरथरला. चाळीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. परंतु एवढे जड अक्षर कधी लिहिले नव्हते.

पुढच्याच आठवड्यात मोठा पाऊस झाला. दिनांक १० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढले आणि वसई ते विरार गाड्या थांबल्या. आळीतील वीज गेली आणि एकेक करून फोनही मुके झाले. लोक छत्र्या घेऊन वाचनालयाच्या ओसरीवर येऊ लागले. कोणी स्टेशनवरून आलेला, कोणी पाणी साचलेल्या रस्त्यावरून आलेला. प्रत्येक जण स्वतः पाहिलेले सांगे आणि फळ्यावर ते त्याच्या नावाने लिहिले जाई. 'जुलैत एवढे पाणी मी पाहिले नव्हते,' असेही एकाने लिहायला लावले! वार्ता थोड्या होत्या. पण त्यांच्या भरवशावर पाऊल टाकता येत होते.

फळा आजही तेथे आहे. भ्रमणध्वनीही माझ्या खिशात आहे, कारण दोष यंत्राचा नाही. धारवाला मात्र त्या दिवसानंतर आमच्या आळीत आला नाही. घरातील विळी बोथट झाली, की मला त्याची आठवण होते.

मुलांनो, वार्ता सांगणे हे विश्वासाचे काम आहे. ऐकणारा तुमच्या वार्तेवर नव्हे, तुमच्यावर विश्वास ठेवतो. म्हणून कोणतीही वार्ता पुढे देण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि विचारा, 'हिचा धनी कोण?' उत्तर मिळाले नाही, तर ती तेथेच थांबवा. आणि कधी चूक झालीच, तर ती आपल्या नावाने सांगण्याचे धैर्य ठेवा.

स्वाध्याय

१. ग्रंथपालांच्या फळ्याचा नियम कोणता होता? लेखकाला तो लहानपणी कसा समजला?

२. वार्तासमूहाचे रूप कसे पालटले? लेखकाने दिलेली दोन उदाहरणे सांगा.

३. 'याचं नाव तरी कुणी विचारलंत का?' या प्रश्नाने गर्दीतील हात का सैल झाले असतील?

४. चित्रफितीचा प्रसंग आणि द्रोणवधाचा प्रसंग यांत कोणते साम्य आहे?

५. 'एवढे जड अक्षर कधी लिहिले नव्हते,' असे लेखकाला का वाटले?

६. अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : पराचा कावळा करणे, तिखटमीठ लावणे, निरुत्तर होणे, अडगळीत पडणे.

७. आपल्या वर्गात आठवडाभर एक वार्ताफलक चालवा. प्रत्येक वार्तेखाली नाव, स्थळ, वेळ आणि 'पाहिले' किंवा 'ऐकले' असे लिहा. आठवड्याच्या शेवटी किती वार्ता खऱ्या ठरल्या ते मोजा.